बाग ताणावर, आपण पाण्यावर: खेड्यातून पहिली क्रूझ कशी निवडायची

मागच्या डिसेंबरात संत्र्याच्या बागेला ताण दिला, ठिबकचे कॉक बंद केले आणि चौथ्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको सिंगापूरच्या मरिना बे क्रूझ सेंटरवर रांगेत उभे होतो. निघायच्या आदल्या रात्री शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "काहून गा, समुद्रात पाह्यासारखं काय असते? चहूकडं पानीच ना?" मी हसून वेळ मारून नेली.

आतापर्यंत सहा क्रूझ झाल्या. गोवा, लक्षद्वीप, सिंगापूर दोनदा, दुबई आणि एकदा युरोप. त्यामुळे मोर्शीहून, आर्वीहून, काटोलहून फोन येतात, "भाऊ, कोणती घेऊ?" फोनवर अर्धंच सांगणं होतं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. ज्यांनी समुद्र फक्त जुहूला नाहीतर गणपतीपुळ्याला पाहिला, त्यांच्यासाठी हे आहे.

सुरुवातीलाच एक धरून चाला. जहाज म्हणजे आपलं गाव, आणि बंदर म्हणजे आठवडी बाजार. बाजारात दोन-चार तास हिंडायचं, पण राहायचं, जेवायचं, झोपायचं गावात. टूरवाले मात्र बाजाराचे फोटो दाखवून गाव विकतात. माहितीपत्रकावर पहिल्या पानावर थायलंडमधल्या फुकेतचा किनारा असतो आणि जहाजाचं नाव शेवटच्या पानावर बारीक अक्षरात.

पहिली पायरी: तारीख, तीही शेताला विचारून

नोकरदार माणूस सुट्टी बघतो, आपण पीक बघतो. आमच्या वरूडकडे आंबिया बहाराचा माल निघाला की डिसेंबरच्या मध्यापासून बाग ताणावर. ओलीत नाही, फवारणी नाही, बाग सुकतेय तेवढी सुकू द्यायची. शेतकऱ्याला सुट्टी म्हणावी असा तो एकच काळ. कापूस-तूरवाल्यांना त्याच दिवसांत वेचणी आणि सोंगणी, त्यांनी फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च धरावा. हरभरा निघाला की सोयाबीनवालेही मोकळे.

आता हे समुद्राच्या हंगामाशी जुळवायचं. सिंगापूरहून क्रूझ बाराही महिने सुटतात. दुबई-अबुधाबीचा हंगाम हिवाळ्यातला, साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप पावसाळा सोडून. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा आपल्याकडचं जहाज चेन्नईच्या बाजूला जातं. भूमध्य समुद्रातला भर एप्रिल ते ऑक्टोबर, आणि अलास्का मे ते सप्टेंबर. म्हणजे युरोप आणि अलास्का नेमके पेरणी, डवरणी, निंदणाच्या दिवसांत. मी युरोपला मे महिन्यात गेलो तेव्हा पंधरा दिवस धाकट्या भावानं ओलीत सांभाळलं, म्हणून जमलं. घरात असा माणूस नसेल तर युरोपचा नाद सध्या सोडा.

भावाचंही बघा. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा सगळीकडे महाग. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीतही तेच. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की दर उतरतात. शिवाय जानेवारी ते मार्च हा क्रूझ कंपन्यांचा सवलतींचा हंगाम असतो, त्यात पुढच्या वर्षीचं बुकिंग स्वस्तात मिळतं. बाग ताणावर असताना दरही उतरलेले असावेत, हे आम्हा संत्रेवाल्यांचं नशीब. बाजारभावात तेवढी साथ ते देत नाही, जाऊ द्या.

दुसरी पायरी: जहाज आधी की रस्ता आधी?

याचं उत्तर रात्री मोजून मिळतं.

सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर ही चार रात्रींची क्रूझ घ्या. एकूण ९६ तास. त्यातले पाय जमिनीवर टेकतात ते फार तर पंधरा. बाकी सगळा वेळ जहाजावर. तेव्हा तीन-चार रात्रींची क्रूझ असेल तर आधी जहाज निवडा, बंदरं कोणती का असेनात. युरोपात सात रात्रींची क्रूझ असली की उलटं. रोज सकाळी नवं बंदर, सकाळी आठला उतरा, संध्याकाळी सहाला परत. जहाज म्हणजे फक्त रात्रीचा मुक्काम. तिथे रस्ता आधी.

रस्ता वाचताना गावाच्या नावावर जाऊ नका. कागदावर 'रोम' लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिविताव्हेक्किया नावाच्या बंदराला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. नागपूर दाखवायचं म्हणून वर्ध्याला उतरवल्यासारखं. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो बंदर, तिथूनही तसंच. 'पॅरिस' लिहिलं असेल तर ल हाव्र, आणि पॅरिस तिथून जवळपास दोनशे किलोमीटर. जाण्या-येण्यात दिवस जातो, आणि कंपनीची सहल घेतली तर पैसाही. म्हणून प्रत्येक बंदरासमोर दोन गोष्टी लिहून काढा: जहाज किती वाजता लागतं-सुटतं, आणि बंदरापासून गाव किती लांब.

तिसरी एक गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही. जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटीनं उतरवतात? या बोटीला टेंडर म्हणतात. फुकेतला बरीच जहाजं पाटाँगसमोर उभी राहतात आणि टेंडरनं नेतात. लक्षद्वीपलाही तसंच. बोट हलत असते, जहाजाची फळी हलत असते, आणि मधल्या फटीवरून पाय टाकायचा. आमच्या हिच्या गुडघ्यांनी लक्षद्वीपला पहिल्या पावलालाच नाही म्हटलं. दोन खलाशांनी दंड धरून अलगद उचलून ठेवलं, तेव्हा उतरली. शिवाय हवा बिघडली की टेंडर बंद, म्हणजे ते बंदर गेलंच. घरात गुडघ्याचा त्रास असेल तर धक्क्याला लागणारी बंदरं शोधा.

मग पहिली क्रूझ कोणती? माझं मत विचाराल तर मुंबईहून दोन रात्रींची वीकेंडची घेऊ नका. चढण्यात एक दिवस, उतरण्यात एक दिवस, मधे डीजे. विदर्भातून मुंबई गाठायचा शीण त्यातून फिटत नाही. लक्षद्वीपची घ्या, नाहीतर सरळ सिंगापूरची चार रात्रींची. लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, तो बुकिंगबरोबरच होतोय ना हे विचारून घ्या.

तिसरी पायरी: जहाजाची कुंडली

प्रत्येक जहाजाचा 'जीटी' (ग्रॉस टनेज) आकडा नेटवर मिळतो. लोकांना वाटतं ते वजन. वजन नव्हे, जहाजाच्या आतली जागा मोजायचं ते माप आहे. गोदामात किती पोती मावतील तसं. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येनं भागा, म्हणजे माणशी किती मोकळीक आहे ते कळतं. खोलीत दोघं धरून जी संख्या देतात तीच घ्यायची.

कॉर्डेलिया या आपल्या भारतीय कंपनीचं एम्प्रेस घ्या. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून आपल्याकडे. ४८,५६३ जीटी, प्रवासी साधारण १,६००. भागाकार येतो तीसच्या आसपास. सिंगापूरचं गेंटिंग ड्रीम दीड लाख जीटीचं, प्रवासी ३,३५२. भागाकार पंचेचाळीस. जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आयकॉन ऑफ द सीज, २०२४ साली सुरू झालेलं, ते २,४८,६६३ जीटीचं. प्रवासी ५,६१०, म्हणजे आमच्या पंचक्रोशीतली चार गावं. पण तिथेही भागाकार चव्वेचाळीस येतो. जहाज मोठं म्हणजे गर्दी जास्त असं नसतं ते यावरून कळेल. तिशीत आकडा असेल तर लिफ्टपाशी आणि बुफेत रांग धरून चालायची, चाळिशीच्या वर सुटसुटीत.

याचा अर्थ लहान जहाज वाईट असाही नाही. एम्प्रेसवर रस्ता चुकत नाही, आणि चार दिवसांत वेटर नावानं हाक मारतो. गेंटिंग ड्रीमवर मी पहिल्या दिवशी खोली शोधत दोनदा जहाजाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. जुन्या जहाजात बाल्कनीच्या खोल्या कमी असतात. बांधणीच्या वर्षापेक्षा शेवटची दुरुस्ती-रंगरंगोटी कोणत्या वर्षी झाली ते विचारा.

कंपन्यांचे स्वभाव ठरलेले आहेत. रॉयल कॅरिबियन म्हणजे पोराबाळांचं, घसरगुंड्या, खेळ. एमएससी आणि कोस्टा इटालियन घरातले, जेवण आणि गलका दोन्ही त्या ढंगाचे. हॉलंड अमेरिका शांत, पिकल्या केसांच्या लोकांचं. सिंगापूरच्या जहाजांवर आपली माणसं भरपूर, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला परकं वाटत नाही.

चौथी पायरी: खोली

खोल्या चार जातींच्या. आतली, बिनखिडकीची. मग गोल किंवा चौकोनी खिडकीची, ती उघडत नाही. मग बाल्कनीची. आणि वर स्वीट, म्हणजे सगळ्यांत मोठी आणि महाग. आतली खोली सगळ्यांत स्वस्त, आणि तिथे दिवस की रात्र कळत नाही. मला झोप छान लागते, पण आमच्या हिला पहाटे उठून आकाश बघायची सवय. तिनं पहिल्याच सकाळी जाहीर केलं, "या कोठीत मी पुन्हा नाही." तेव्हापासून किमान खिडकी.

जातीपेक्षा जागा महत्त्वाची. जहाज झुल्यासारखं हलतं, आणि झुल्याचं हलणं टोकाला जास्त. म्हणून लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यांत स्थिर. बैलगाडीत पोरं मागं बसून उसळत यायची, ते आठवा. ज्याला घाटात उलटी होते त्यानं नाकाडाची आणि वरच्या मजल्याची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

आणि आपल्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते नकाशात बघा. मजल्यांचे नकाशे नेटवर असतात. मी दुबईला हा धडा शिकलो. तालुक्याच्या ठिकाणच्या एका एजंटानं 'गॅरंटी' खोली दिली. मी समजलो, म्हणजे पक्की. गॅरंटीचा खरा अर्थ असा की जात पक्की, नंबर कंपनी देईल तो. आम्हाला मिळाली नाचाच्या क्लबच्या बरोबर वरची. रात्री दोनपर्यंत पलंग धडधडत होता. आमची ही म्हणाली, "एवढे पैसे देऊन वरातीच्या बँडमागं झोपलो." म्हणून थोडे जास्त लागले तरी चालतील, नंबर स्वतः निवडा. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील अशी जागा बघा. पोहण्याच्या तलावाखाली नको, सकाळी पाचला खुर्च्या ओढतात. नाट्यगृहाच्या वर नको. खिडकीबाहेर लाइफबोट टांगलेली असेल तर समुद्र दिसत नाही. अशा खोलीला 'ऑब्स्ट्रक्टेड' लिहिलेलं असतं, तो शब्द लक्षात ठेवा.

पाचवी पायरी: जेवण

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या लोकांची क्रूझ जेवणावरून तरी बनते नाहीतर बिघडते.

जहाजावर जेवायच्या जागा तीन प्रकारच्या. एक बुफे. दुसरी मुख्य डायनिंग रूम, जिथे टेबलावर बसायचं आणि वेटर एकामागून एक पदार्थ आणतो. या दोन्ही भाड्यात धरलेल्या. तिसरी, वेगळे पैसे घेणारी खास रेस्टॉरंट. नवखा माणूस डायनिंग रूमला बिचकतो, काटे-चमचे बघून बुफेतच चार दिवस काढतो. तसं करू नका. फुकट आणि चांगलं जेवण तिथेच आहे. हातानं खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही, मी स्वतः खाल्लंय. पोशाखाचं एवढंच, की संध्याकाळी हाफपँट आणि स्लिपर नको. एखादी 'फॉर्मल' रात्र असते, त्या दिवशी लग्नातला सदरा आणि साडी पुरते. आमच्या हिच्या पैठणीसोबत तीन गोऱ्या बायांनी फोटो काढले.

बुकिंग करतानाच जेवणाची पसंती नोंदवा. जैन जेवण हवं असेल तर किमान महिनाभर आधी लेखी कळवा. आणि 'व्हेज' एवढ्यानं भागत नाही. परदेशी जहाजावर व्हेजमध्ये अंडं चालतं, सूप भाजीचं असलं तरी आधार कोंबडीच्या पाण्याचा असू शकतो, आणि हलणाऱ्या जेलीसारख्या गोडात जिलेटिन असतं. 'इंडियन व्हेज, नो एग' असं स्पष्ट लिहा. गेंटिंग ड्रीमवर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची नीट सोय आहे, एम्प्रेसवर तर प्रश्नच नाही.

खरी किल्ली मात्र हेड वेटर. चढल्या दिवशी संध्याकाळी डायनिंग रूममध्ये जा, हेड वेटरला बोलवा, आणि काय खाता, काय खात नाही ते सांगा. स्वयंपाकघरात आणि वेटरांत गोव्याची, केरळची, मुंबईची माणसं असतातच. तो दुसऱ्या दिवशीचं मेनूकार्ड आदल्या रात्री दाखवतो, त्यात भारतीय नसेल तर "उद्या डाळ-भात-भाजी करून ठेवतो" म्हणतो, आणि ठेवतो. युरोपच्या क्रूझवर आम्ही सातही रात्री डाळ खाल्ली, ती अशी.

तिथेच एक गंमत झाली. डाळ फिकी दिसली म्हणून आमच्या हिनं केरळच्या वेटरला हिंदीत सांगितलं, "भैया, ऊपर थोडा सांबार डाल दो." तो आनंदानं आत गेला आणि वाटीभर गरम सांबार घेऊन आला, इडलीसोबत खातात ते. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला कुठून ठाऊक? तिनं ते सांबार डाळीवर ओतून खाल्लं, त्याचं मन राखायला.

जेवणाची वेळ बुकिंगमध्येच विचारतात. पहिली पंगत साडेपाच-सहाला, दुसरी आठच्या सुमाराला. साडेपाच ही आपली चहाची वेळ, दुसरी घ्या. काही जहाजांवर कधीही या अशी सोय असते, पण मग दारात थांबावं लागतं.

बुफेत आधी रिकाम्या हातानं पूर्ण फेरी मारा. पहिल्याच टेबलाशी ताट भरणारा माणूस पुढे गेल्यावर पस्तावतो. सकाळी साडेआठ ते साडेनऊ बुफेत बसायला जागा नसते, त्या वेळी नाश्ता डायनिंग रूममध्ये करा. शिरताना हात धुवा, दाराशी बेसिन असतं. बंद जहाजात उलटी-जुलाबाचा विषाणू झपाट्यानं पसरतो, त्याबाबत कर्मचारी फार कडक असतात आणि ते बरोबर आहे.

घरून काय न्यावं? कारखान्यात बंद केलेली पाकिटं बहुतेक कंपन्या चालू देतात: लोणचं, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू. चतुर्थी-एकादशी धरणाऱ्यांना राजगिरा, फळं, दही आणि उकडलेला बटाटा यावर निभवता येतं. घरचा शिजवलेला डबा मात्र चढू देत नाहीत, भाकरी-ठेच्याचं गाठोडं दारातच राहील. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, पाण्यात बुडवायची कॉइल, सगळं जप्त होतं, आगीच्या भीतीनं. चहाची पावडर पाकिटं न्या, गरम पाणी बुफेत हवं तेवढं मिळतं. जहाजावरचं फळ खिशात घालून बंदरावर उतरू नका, बऱ्याच देशांत दंड आहे.

आणि खर्रा घरी ठेवा. हे गमतीनं सांगत नाही. सिंगापूरमध्ये चघळायचा तंबाखू आणायलाच बंदी आहे, च्युइंगमसुद्धा चालत नाही. आमच्यासोबतच्या एकाच्या पाकिटात पुडी निघाली, तर पाऊण तास खोलीत बसवून ठेवलं.

पिण्याचं बोलायचं तर, दारूचं पॅकेज एकानं घेतलं की त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढानंही घ्यावं असा बऱ्याच कंपन्यांचा नियम आहे. नवरा पिणार, बायको नाही, तरी दोघांचे पैसे. वर्धा-गडचिरोलीची मंडळी जहाजावर मोकळी सुटल्यासारखी पॅकेज घेतात, त्यांनी आधी रोज किती पेले होतात याचा हिशेब मांडावा. युरोपात इटालियन कंपन्यांच्या डायनिंग रूममध्ये साध्या बाटलीबंद पाण्याचेही पैसे पडतात. बुफेतलं यंत्रावरचं पाणी फुकट.

सहावी पायरी: खरी किंमत

जाहिरातीतला आकडा म्हणजे सातबारावरचं क्षेत्र, पोटखराबा वजा न केलेलं. इथे उलट मिळवायचं असतं. बंदर शुल्क आणि कर वेगळे. मग बक्षिसी, जिला ते ग्रॅच्युइटी म्हणतात. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ती माणशी दररोज सोळा ते वीस डॉलर, आपोआप खात्यात चढते. समजा अठरा डॉलर, दोघं, चार रात्री: १४४ डॉलर. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर जवळपास तेरा हजार. पेयांवर आणखी अठरा-वीस टक्के सेवा आकार. इंटरनेट महाग, डॉक्टर त्याहून महाग, म्हणून प्रवास विमा घ्याच. एकट्यानं खोली घेतली तर बहुधा दोघांचं भाडं द्यावं लागतं. कॅसिनो जहाज खोल समुद्रात गेल्यावर उघडतो, आणि त्याचा हिशेब मी इथे लिहीत नाही.

आपल्या लोकांसाठी आणखी एक. परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो. दर बदलत असतो, बुकिंगच्या दिवशी विचारा. हा पैसा परत मिळतो, पण त्यासाठी आयकर विवरणपत्र भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपण कोणी ते भरत नाही, आणि पैसा सरकारजमा राहतो. पॅन द्या, पावती जपा, गावातल्या सीएकडून विवरणपत्र भरून घ्या. पहिल्या वेळी मी हे केलं नाही.

सातवी पायरी: कागदपत्रं

मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपला पासपोर्ट लागत नाही, सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. बाहेर जायचं तर पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक हवी. नागपूरला जावंच लागतं असं नाही, विदर्भात बऱ्याच ठिकाणी टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत. पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरशः सारखं हवं. बायकांच्या माहेर-सासरच्या नावांचा घोळ इथेच बाहेर येतो.

व्हिसाचं एक वाक्य पाठ करा: 'मल्टिपल एंट्री.' दुबईहून निघालेलं जहाज ओमानला किंवा दोह्याला जाऊन परत दुबईला येतं, म्हणजे तुम्ही दोनदा आत शिरता. एकदाच शिरायचा व्हिसा असेल तर परतीला अडकाल. युरोपातही जहाज तुर्कस्तानला लागून परत इटलीत येत असेल तर तेच. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड नेटवर फुकट भरता येतं, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटी खोट्या. आणि गरोदर बाईला चोविसाव्या आठवड्यापासून जहाजावर घेत नाहीत.

आठवी पायरी: घरून जहाजापर्यंत, आणि पुढे

ज्या दिवशी जहाज सुटतं त्या दिवशी बंदराच्या गावी पोहोचू नका, आदल्या दिवशी पोहोचा. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते, तिथून क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, जवळच आहे, पण गाडी चार तास उशिरा आली तर जहाज कोणासाठी थांबत नाही. समृद्धी महामार्गानं गाडी घेऊन जाणारेही आहेत. ७०१ किलोमीटर एका दमात चालवून जहाजावर चढणाऱ्यांना पहिला दिवस झोपेतच काढताना मी पाहिलंय.

मोठी बॅग धक्क्यावर देऊन टाकायची, ती संध्याकाळपर्यंत खोलीच्या दारात येते. तोवर हातातल्या पिशवीत औषधं, चष्मा, चार्जर आणि एक कपड्याचा जोड. मळमळीसाठी एव्होमाईनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून जहाज हलायच्या आधी घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा काँकोर्डिया खडकावर आपटलं तेव्हा सगळ्यांची कवायत झालेली नव्हती, त्यानंतर हा नियम कडक झाला. टाळू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रातलं नेटवर्क उपग्रहावरून येतं, आणि घरी आल्यावर बिल बघून छातीत धडधडतं.

आता घड्याळ. काही जहाजं बंदर बदललं तरी आपल्या मूळ बंदराचीच वेळ पाळतात. सिंगापूरपेक्षा फुकेत एक तास मागं आहे. किनाऱ्यावर उतरलो की मोबाईल आपोआप थायलंडची वेळ दाखवतो. आम्ही पाटाँगला शहाळं पीत बसलो होतो, मोबाईलमध्ये सव्वातीन, शेवटची टेंडर साडेचारला. निवांत. सहज हिच्या मनगटाकडे लक्ष गेलं, लग्नातलं जुनं किल्लीचं घड्याळ, तिनं ते सिंगापूरलाच लावलं होतं: सव्वाचार. वाळूतून पळताना माझी एक चप्पल तिथेच राहिली. तेव्हापासून जहाजावर आमच्याकडे एकच घड्याळ मानलं जातं, आणि ते माझं नाही. स्वतःची रिक्षा-टॅक्सी करून फिरलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर थांबतं. नवख्यानं लांबच्या जागेसाठी जहाजाचीच सहल घ्यावी, जवळचं स्वतः बघावं.

एकाच कंपनीनं वारंवार गेलात तर रात्रींप्रमाणे गुण साठतात, नाव पहिल्याच वेळी नोंदवा, फुकट असतं. जहाजावर पुढच्या क्रूझचं बुकिंग करणारं टेबल असतं, तिथे सवलत बरी मिळते. पण पुढच्या वर्षीचा बहार फुटायच्या आधी पैसे अडकवायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी अडकवत नाही.

शेवटच्या रात्री बॅग खोलीबाहेर ठेवायला सांगतात, साधारण अकराच्या आत. ती रात्रीतून खाली जाते आणि सकाळी धक्क्यावरच मिळते. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा, मगच चेन लावा. यवतमाळचे आमचे व्याही मोठे शिस्तीचे, त्यांनी नऊ वाजताच सगळं भरून, कुलूप घालून बॅग बाहेर ठेवली. सकाळी कोट घातलेल्या इमिग्रेशनवाल्यापुढे ते चौकड्याची लुंगी आणि बनियनवर उभे होते, हातात पासपोर्ट, आणि आमच्या विहीणबाई चार माणसं सोडून मागं, आपण यांच्यासोबत नाहीच अशा चेहऱ्यानं.